मनगटावरचे दोन वेढे

नाचणगावच्या खालच्या घाटावर बाबाराव ढिवराचा डोंगा चाले. डोंगा काठाले लागला का एकानं उडी मारावी, दोराचे दोन वेढे मनगटाले घ्यावे, अन् माणसं उतरेपर्यंत पाय रोवून उभं राहावं. ओला दोर निसटू नाई म्हून ही रीत. ज्याच्या मनगटावर वण नाई, त्याले म्हातारा ढिवरच मानत नसे.

बाबारावच्या सुनेचा, रुखमाचा, भाऊ लहानू. सन चौपन्नात तो जवायासंग, म्हंजे रुखमाच्या नवऱ्यासंग, चिंधूसंग, मुंबईच्या बंदरात कामाले गेला. दोघं गेले, एकटा आला. म्हने, "जवाई पाय घसरून बुडाले." ढिवराचं पोरगं बुडालं! बाबारावनं तवापासून मान वर केली नाई.

खरं लहानूच्याच पोटात होतं. आगबोट पुलगावच्या मिलीएवढी उंच. तिच्या जाड दोराले बांधलेला बारीक दोर लहान होडीत धराचा, अन् आगबोट बांधाच्या, पाण्यावर तरंगत्या लोखंडी पिंपापर्यंत न्याचा, हे त्यायचं काम. वरच्या कप्तानाले खालची होडी दिसतच नाई. होडीवरचा मुकादम, तांडेल, रोज वरडे, "गुंडाळू नका रे, नुसता धरा!" चिंधू हासे, अन् घरच्या रीतीनं दोन वेढे घे. "याले का पूर माहीत?" एक दिवस आगबोटीचा पाण्यातला पंखा मधातच फिरला. दोर ताणला. चिंधू मनगटासकट होडीतून उचलल्या गेला अन् पंख्याखाली ओढल्या गेला. वर आगबोटीच्या कठड्यावरचे लोकं हात हालवून राह्यले होते. बाजा वाजून राह्यला होता.

पुढच्या भाद्रपदात वर्धा नदीले पूर आला. लहानू घाटावर उभा होता. डोंगा लागला, रुखमानं उडी मारली, दोन वेढे घेतले. माणसं उतरली. मागून बाबाराव उतरला. तेवढ्यात लहानूले वरून वाहत येणारं बाभळीचं खोड दिसलं.

"रुखमे, काढ ते वेढे!"

"काऊन दादा? डोंगा जाईन नं!"

"जाऊ दे! जवाई घसरले नाई वं. दोरानं नेलं त्यायले. ह्याच दोन वेढ्यानं!"

बाबाराव जागीच थांबला. "म्हंजे म्या मारलं म्हन नं सरळ, लहान्या."

"तुमाले काई म्हनत नाई मामाजी. हिचा हात सोडवा पह्यले!"

सुनेले सासऱ्यानं हात लावू नाई. पण म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं अन् नखानं ओरबाडत वेढे काढले. खोड डोंग्यावर आदळलं. दोर चिखलातून सरसरत गेला, त्याच्यामागं डोंगा.

"अबे पकडा ना! तीन पिढ्याचा डोंगा!" लोकं काठानं धावले. बाबाराव हालला नाई. डोंगा वळणापल्याड गेला तरी सुनेचं मनगट त्याच्या मुठीतच. लहानूनं तिथंच सारं सांगतलं, आगबोट, पंखा, कठड्यावरचे लोकं.

रुखमानं हात सोडवून घेतला नाई. तिनं इचारलं, "दादा, वरच्या लोकायले कोनं आवाज नाई देला?"

"म्या देला," लहानू म्हने. "वर बाजा होता."