भिंतीतला खड्डा

शहापूरच्या बाजारात मातीच्या चुली मांडलेल्या असतात. हातात सामानाची यादी असली तरी त्या ओल्या मातीच्या वासाशी माझी पावलं थांबतात.

लग्न होऊन मी सापगावला आले, तेव्हा मोठ्या जाऊबाईंना सातवा महिना होता. त्यांच्या खाटेमागच्या भिंतीला एक खड्डा पडला होता, त्यात रोज बोटांचे नवे ओरखडे दिसायचे. "बाहेरचं हाय. पोरावर टपलंय," म्हणत सासूबाईंनी तिथे लिंबू टांगलं. खड्डा वाढतच गेला.

एका दुपारी मी पाणी घेऊन गेले, तर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून काहीतरी कुरुमकुरुम चावत होत्या. वळल्या, तेव्हा ओठांना माती होती. चेहरा मेणासारखा, डोळ्यांच्या आतली कड पांढरीफटक, नखं चमच्यासारखी खोलगट.

"सांगू नको गो कोणाला. भूत परवडलं, सासू नाय," त्या हसल्या.

मी नाही सांगितलं. उलट रोज ताजी माती कालवून तो खड्डा लिंपला. कामाला मी पहिल्यापासून चोख.

बाळ वाचलं, जाऊबाई गेल्या. अंगात रक्तच नव्हतं, असं नर्सबाई म्हणाल्या. शरीरातलं लोह घटलं की माणसाला माती खावीशी वाटते, हे मला फार उशिरा कळलं. आता गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची पापणी खाली ओढून मी बघते, नखं बघते, माती खातेस का म्हणून विचारते.

तेव्हा मात्र जाऊबाई एकदा कौतुकाने म्हणाल्या होत्या, "तू लिंपतेस ना, ती माती जास्त गोड लागते गो." आणि मी खूश झाले होते.