डब्यातले पेडवे

बालकक्षात तळलेल्या माशाचा वास सुटला आणि मी खुर्चीतून उठले. कोर्टातल्या या खोलीत खेळणी आहेत, चटई आहे, भिंतीवर रंग उडालेला जिराफ आहे. खाणं मात्र चालत नाही. शेजारीच न्यायाधीश साहेबांचं चेंबर, तेव्हा वास कुठवर जाईल याचा मला चांगलाच अंदाज होता.

मी रत्नागिरीच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक आहे. नवराबायकोचं भांडण साहेबांसमोर उभं राहण्याआधी आमच्या टेबलावर येतं. मिटलं तर बरंच. नाही मिटलं तर निदान मुलांचं नीट ठरावं म्हणून आमची खटपट. त्यात दोन शब्द सारखे कानावर पडतात. ताबा, म्हणजे मूल राहणार कोणाकडे. आणि अ‍ॅक्सेस, म्हणजे दुसऱ्याने त्याला भेटायचं कधी आणि कुठे.

त्या दिवशी खोलीत होते संदेश आणि त्याची आठ वर्षांची मुलगी तन्वी. नावं बदलली आहेत. संदेश पूर्णगडचा, मासेमारीच्या बोटीवर खलाशी. बायको प्रणाली लांज्याची. ती मुलीला घेऊन माहेरी आली होती आणि काजूच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागली होती. मारहाण नाही, दारू नाही. हे मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारते, इथेही विचारलं होतं. तक्रार एकच होती: हा माणूस कधी घरी नसतो. घरी सासूशी पटत नव्हतं, आणि ऐकायला नवरा जागेवर नव्हता.

तात्पुरता आदेश असा होता की पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बापाने मुलीला कोर्टात भेटायचं. संदेशने दोन शनिवार चुकवले. मग आला तेव्हा बॅटरीवर नाचणारी बाहुली घेऊन आला. तन्वीने बाहुलीकडे पाहिलं नाही, बापाकडेही नाही. पुढच्या खेपेलाही तेच. प्रणालीच्या वकिलांनी लगेच अर्ज टाकला: वडील बेजबाबदार, मुलीला त्यांची ओढ नाही, भेटी कमी कराव्यात. त्यावर साहेबांनी माझा रिपोर्ट मागवला होता. खरं सांगायचं तर माझंही मत जवळपास तसंच झालं होतं. माझ्या दोन ओळींनी तन्वीचा बाप वर्षातून दोनदा दिसणारा पाहुणा झाला असता.

तर मी उठले, आणि दारातच थांबले.

तन्वीने डबा उघडून बापासमोर सरकवला होता. आत तळलेले पेडवे. संदेशने रुमालाला हात पुसले, एक पेडवा उचलला, मधला काटा अलगद सोडवला, मग बारीक काटे बोटांनी चाचपून काढले आणि मऊ तुकडा डब्याच्या झाकणात ठेवला. तिने खाल्ला. त्याने दुसरा ठेवला. तो तिच्याकडे बघत नव्हता, तरी झाकण रिकामं झालं की पुढचा तुकडा तिथे असायचा. चारपाच पेडवे झाल्यावर ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "दोन वेळा मी फ्रॉक घालून बसले होते."

संदेशचा हात थांबला. "माझा चुकला, बाय," तो म्हणाला. बोट, समुद्र, कारण, काहीच सांगितलं नाही. पुन्हा काटे काढायला लागला.

मी गुपचूप मागे फिरले. नियम काय, सोमवारपासून पुन्हा पाळता येतो.

मी मासे खाणारी आहे. आठ वर्षांच्या पोरीच्या डब्यात कोणी पेडवे देत नाही. कोळंबी देतात, सुरमईची तुकडी देतात. पेडव्यात नुसते काटे. बाहेर बाकावर प्रणाली बसली होती, तिला जाऊन विचारलं.

"तीच म्हणाली, पेडवे हवेत. मी म्हटलं, काटे कोण काढणार? तर म्हणते, शनिवार आहे ना."

"आणि तुम्ही दिलेत?"

"दिले."

मी म्हटलं, अर्जात तर लिहिलंय की बापाने मुलीचं कधी काही केलं नाही. ती म्हणाली, ते वकिलांनी लिहिलंय. मी म्हटलं, सही तुमची आहे. बराच वेळ ती पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली.

"राग होता, मॅडम. अजून आहे."

असू दे, मी म्हटलं. राग कोर्टात चालतो. तो मुलीच्या ताटात वाढायचा नाही, एवढंच. तिचे डोळे भरून आले आणि माझेही. अशा वेळी मी फाइल चाळते, तशी चाळली.

लोकांना वाटतं, कोर्ट आईबापात कोण चांगलं ते ठरवतं. तसं नसतं. कायदा एवढंच विचारतो की मुलाचं हित कशात आहे. शाळा कुठे, सांभाळतं कोण, मूल कोणापाशी निवांत असतं. गरज वाटली तर साहेब मुलाला एकट्याने चेंबरमध्ये बोलावतात, वकील बाहेर. आई हवी की बाबा, असं सहसा कोणी विचारत नाही. तसं मुलाला विचारूही नये.

रिपोर्टात मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिलं, पेडव्यांसकट. साहेबांनी तन्वीला बोलावलं. नंतर मला हसत म्हणाले, "पेडव्याचा काटा ओढायचा नसतो, उचलायचा असतो. आज कळलं."

मग दोघांना समोरासमोर बसवलं. शनिवारचा विषय निघाला तसा संदेश म्हणाला, "मॅडम, बोट माझी नाय. तांडेल बोलेल तेवा निघायचा. भर दर्यातून शनिवार पकडू कसा?" तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. मला वाटलं, हे आदेशाआधीच कोणीतरी विचारायला हवं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा हा माणूस घरी. आणि कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे मूल बापाकडे राहायला पाठवायचं मे महिन्याच्या सुट्टीत, तेव्हा तो समुद्रात.

ताबा आईकडेच राहिला, त्यावर वाद उरला नव्हता. हंगामात बोट बंदराला लागली की त्याने फोन करायचा आणि येणाऱ्या रविवारी भेटायचं. बंदीच्या काळात दर शनिवारी तन्वीने पूर्णगडला मुक्कामाला जायचं. प्रणालीची एक अट होती: मुलीला बोटीवर न्यायचं नाही.

"किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असली तर?" त्याने विचारलं.

तिने जरा विचार केला. "ओढलेली असली तर चालेल."

हे जसंच्या तसं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीच्या अटींत गेलं. इतकं चांगलं कलम माझ्या नोकरीत दुसरं लिहिलं गेलं नसेल.

पावसाळा संपता संपता प्रणाली तन्वीला घेऊन एकदा भेटायला आली. मी तन्वीला विचारलं, बाबा अजून काटे काढून देतो का?

"आता माझे मीच काढते. आईचे पण."

"आईचे?"

"तिला येत नाहीत. आधी बाबा आमच्या दोघींचे काढायचा."

प्रणाली खिडकीबाहेर बघत होती.

ही गोष्ट सांगितली की सगळे विचारतात, मग ते दोघं परत एकत्र आले का? नाही आले. गेल्या वर्षी रीतसर घटस्फोट झाला, भांडण न होता. पोरगी आठवडाभर लांज्यात राहते, आणि बापाने शिकवलेल्या हातांनी आईला मासा भरवते.