साखरेची पापलेटं

वेंगुर्ल्याच्या बाजारातला एक बेकरीवाला नाताळात पापलेटाच्या आकाराची बिस्किटं करायचा. अंड्यातला पांढरा भाग, पिठीसाखर आणि लिंबाचे थेंब घोटून त्यांच्यावर आरशासारखं आयसिंग चढवायचा. ते सुकेपर्यंत दुकानात कुणाला शिंकूही देत नसे. पण आमची माणसं मासा दाबून पाहिल्याशिवाय घेतात थोडीच! बिस्किटाचंही पोट अंगठ्याने दाबत. आयसिंगला तडा गेला की तो डोळे मिटून घ्यायचा.

एका नाताळात पाहतो तर आयसिंग ओलं असतानाच तो स्वतः प्रत्येक माशाच्या पोटावर अंगठा उमटवत होता.

"हे काय करताय?"

"लोकांनी दाबण्यापरास मियाच दाबतंय. जिवाक कमी लागता."

मला वाईट वाटलं. एक सुकलेलं बिस्कीट मी हळूच उचललं आणि सवयीने दाबून पाहिलं.