पार्किंगमधला वड

बोन्साय मला आवडत नाही, हे मी काकूंना तोंडावर सांगितलं होतं. "वडाला ताटात बसवायचं, तारा बांधायच्या, वाढला की छाटायचं. ही कला?" काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आणि काकूंची सगळी हयात बाल्कनीतल्या कुंड्यांत गेलेली. त्यांनी कात्री पुसली आणि एवढंच विचारलं, "तुझे केस कोण कापतं गं?"

पुढे काकूंचा खुबा मोडला आणि मुलाने दोघांना पुण्याला नेलं. जाताना वड खाली पार्किंगमध्ये, नळाशेजारी ठेवला गेला. वॉचमन पाणी घालेल म्हणून. सोळा महिने उलटले आणि जुलैत काकूंचा फोन आला.

"महिन्याभरात येतेय. माझा वड बघशील? मला अजून वाकता येत नाही. अठ्ठावीस वर्षं सांभाळलाय गं. तो गेला तर नवीन काही लावायचं वय नाही माझं."

"मीच का?"

"तू झाडांसाठी भांडतेस. बाकीचे पार्किंगसाठी भांडतात."

खरं सांगते, मनात आलं होतं की याला ताटातून काढून सरळ जमिनीत लावायचा. सुटका.

खाली गेले तर आधी झाड दिसलंच नाही. दिसला तो सुताचा गुंडा. मनगटाएवढ्या खोडावर सूत इतकं गुंडाळलेलं, की खोड मांडीएवढं झालेलं. वरचं सूत पिवळट, आतलं काळं, ओलं. ताटात हळदकुंकवाचा थर जमून कडक झालेला, दुधाचा आंबूस वास, आणि एका कोपऱ्यात आंब्याची कोय चक्क रुजलेली. वडाला मोजून अकरा पानं होती. कोयीचं रोप त्याच्यापेक्षा तरतरीत.

माझं डोकं फिरलं. तडक पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेले, कारण सोसायटीतली सगळी हळदीकुंकवं त्यांच्या पुढाकाराने होतात.

"जिवंत झाडाचा गळा आवळलाय तुम्ही! कोणी सांगितलं हे करायला?"

"तू," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मोबाइलमध्ये शोधून फोटो पुढे धरला. झाडं वाचवणाऱ्या आमच्या गटाचं पत्रक, मी लिहिलेलं, मीच लिफ्टमध्ये चिकटवलेलं: "तोडलेल्या फांदीकडे कसलं आयुष्य मागता? वटपौर्णिमेला जिवंत वडाची पूजा करा!"

"आम्ही बाजारातून फांद्या आणायचो, घरी पुजायचो. तू लिहिलंस, तो खून आहे. म्हटलं, पोरगी बरोबर बोलते. आणि जिवंत वड खाली होताच की. दोन्ही वर्षी तीस-पस्तीस जणी आलो. स्कूटरी सरकवून फेरे मारले."

"मग नंतर सूत काढायचं ना!"

"वटपौर्णिमेचं सूत कोण कापेल बाई? प्रत्येकीच्या नवऱ्याचा प्रश्न आहे." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तुला नवरा नाही. तू काप."

ते पत्रक आम्ही पाच जणांनी तीनदा वाचून छापायला दिलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला आम्हीच लिहिलं होतं की आमच्या भागातला शेवटचा मोठा वड रस्तारुंदीत गेला. मग बायकांनी पूजा करायची कुठल्या वडाची? पाचांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही. घोषणा जमली होती ना. बस.

सूत कापायला दोन संध्याकाळी लागल्या. नखं कापायच्या कात्रीने, पदर सोडवत. आत साल मऊ पडून तपकिरी झालेली. काकू व्हिडिओ कॉलवर. "आता ताटातून उचल. मुळं दाखव."

मुळं बाहेर आली ती ताटाच्याच आकाराची. भिजलेल्या घोंगडीचा तुकडा जणू. वाडग्यात धूत बसले आणि मला गंमतच वाटायला लागली. एवढ्याशा जागेत वाट काढताना मुळांनी एकमेकांना चुकवलं कसं? पान अंगठ्याएवढं ठेवायचं, हे झाडाला कळतं कुठून? एक पारंबी सुतळीएवढी बारीक, पण मातीत शिरल्यावर जाड झालेली, अगदी मोठ्या वडासारखी. मी काकूंना विचारत सुटले. खोडावर एक जुना काप होता, चहूबाजूंनी साल आत वळून तो जवळजवळ मिटलेला.

"हा केव्हाचा?"

"मुलगा दहावीला होता तेव्हाचा. झाड जखम भरून काढत नाही गं, ती तशीच आत ठेवून वरून झाकतं."

"आणि जमिनीत लावला तर?"

"या मुळांवर? आठ दिवस टिकणार नाही. तुझं भाषण होईल, झाड जाईल."

सडलेली मुळं छाटली. विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं शेणखत, असं नवीन भरलं. वहिनींनी न सांगता चुरा चाळून दिला. मग उरलेली अकराही पानं गळली. मी रोज सकाळी खाली जायचे आणि नुसत्या काड्यांकडे बघत उभी राहायचे. काकूंना फोनवर सांगायचे, "ठीक आहे." खोटं.

काकू आल्या त्या वॉकर घेऊन. पार्किंगमध्ये खुर्चीवर बसल्या, झाडाकडे बराच वेळ बघितलं.

"करवत आण. वरून कापत ये. चीक येईल तिथे थांब."

"आणि नाहीच आला तर?"

"तर खाली काही उरणार नाही. काप."

एकही फांदी तोडू देणार नाही, असं रस्त्यात उभं राहून ओरडलेली मी. पहिला काप शेंड्याशी घेतला. कोरडा, भुसा उडाला. दुसरा चार बोटं खाली, आत तपकिरी. काकू गेटकडे बघत होत्या. आता एकच फांदी उरली होती, तीही अगदी बुडाजवळची. तिच्या वर करवत धरली. कापलं. काही नाही. मग कडेला, सालीच्या लगेच आत, मोहरीएवढा पांढरा थेंब.

"काकू!"

त्यांनी वाकता येईल तेवढं वाकून तो बोटाने पुसला. पुन्हा आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला.

"आता कुठून फुटेल?" मी विचारलं.

"ते तो मला कधीच सांगत नाही," काकू म्हणाल्या, आणि वॉकर बाजूला सारून खुर्ची पुढे ओढायला लागल्या.