ओहोटीचा वर्ग

पावसजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मी बालवाडी चालवते. आमची खोली पत्र्याची. मार्चमध्ये ती तापायला लागली, तेव्हा सकाळी ओहोटी असेल त्या दिवशी मी मुलांना खाडीवर न्यायला लागले. उघड्या पडलेल्या चिखलात मुलं खेकड्यांची बिळं मोजायची, शंख लहान-मोठे असे ओळीने लावायची. फळ्यावर न समजलेले आकडे तिथे समजायचे.

एके दिवशी चार वर्षांच्या एका मुलीची आई दारात आली. हातात मुलीचा चिखलाने माखलेला फ्रॉक होता.

"बाई, मी हिला शिकायला पाठवते," ती शांतपणे म्हणाली. "चिखलात लोळायला नाय."

मुलं हात लावून, बघून कशी शिकतात, ते मी सांगू लागले. प्रशिक्षणात ऐकलेलंच सगळं. तिने ऐकून घेतलं, मग चप्पल काढून तळवा दाखवला. त्यावर पांढरे व्रण होते.

"सातव्या वर्षापासून आईबरोबर खाडीत तिसऱ्या, शिंपले काढायला जायचे. कालवांच्या शिंपांनी पाय चिरायचे. दुसरीत शाळा सुटली. चिखल काय शिकवतो ते मला नका सांगू."

त्यानंतर तिची मुलगी आमच्याबरोबर खाडीवर आली नाही. खोलीतच मदतनीस ताईंजवळ दप्तर मांडीवर घेऊन बसायची.

आठवड्याने मी तिच्या आईकडे घरी गेले. "तुम्ही एकदा मुलांबरोबर याल का? तिसऱ्या कुठे सापडतात असं मुलं विचारतात, मला ओळखता येत नाही." ते खरंच होतं.

ती आली, मुलीलाही घेऊन. साडी खोचून चिखलात उतरली. बारीक भोकं कशी ओळखायची, हात कुठे घालायचा, ते दाखवलं. लहान तिसऱ्या पुन्हा पुरायला लावल्या. "पाणी वळलं, भरती लागली की हातातलं टाकून निघायचं," तिने बजावलं.

"आई, तुला कोणी शिकवलं?" मुलीने विचारलं.

"माझ्या आईने," ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून पुढच्या भोकात घातला.

जूनमध्ये तिने मुलीला रत्नागिरीतल्या इंग्रजी शाळेत घातलं. "रागावू नका, बाई," म्हणाली. मी रागावले नव्हते. वाईट मात्र वाटलं.

अजूनही वर्षातून एकदा मी बोलावते आणि ती मुलांना शिकवायला येते. एकटीच येते. त्या वेळी मुलीची शाळा असते.