आईने चोळलेले वाटाणे

मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

बाबांनी विहिरीजवळचे दोन वाफे मला दिले होते. "पाहू दे तुह्या शिक्षणाचं पीक," म्हणाले.

खामगावहून आणलेलं वाटाण्याचं बी काल भिजत घातलं. आज मी उठण्याआधीच आईने ते शेणात घालून खसाखसा चोळलं, पेरणीआधी कपाशीची सरकी तंतू बसावेत म्हणून चोळतात तसं. निम्म्याहून जास्त दाण्यांची डाळ झाली!

"सरकीले असंच करतो वं आपण. माहं चुकलं काय?" तिने विचारलं.

"नाही वं माय."

उरलेले मूठभर दाणे आम्ही दोघींनी मिळून पेरले.

वाटाण्याची सगळी माहिती, बी नुसतं भिजवायचं, चोळायचं नाही हेसुद्धा, मी बाबांना वाचून दाखवली होती. आई तेव्हा चुलीपाशीच होती. तिला बोलावलंच नाही. तुम्ही घरी कुणाला वाचून दाखवता?