दाजी आणि मेंदूची पाठराखीण

बायकोच्या डोक्यात नेमके काय चालले आहे हे खात्रीने सांगू शकणारा एकच नवरा कोल्हापुरात होऊन गेला, आणि तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बाकीचे नवरे या विषयात अंदाजावर आयुष्य काढतात; दाजींनी त्यासाठी आकृत्या काढल्या होत्या. मेंदूचा उभा छेद, रंगीत खडूंनी रंगवलेला, त्यांच्या स्वयंपाकघरात देवांच्या तसबिरींशेजारी टांगलेला असे, आणि आक्काच्या हातून कधीमधी त्यालाही हळदकुंकू वाहिले जाई. दाजी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, त्यामुळे घरी चुकवलेले व्याख्यान मला कामावर गाठत असे. "पावणं," ते म्हणत, कारण आमच्याकडे मेहुणा मरेपर्यंत पावणाच असतो, "लोकांना मेंदूखालच्या त्या पिट्युटरी ग्रंथीचं फार कौतुक. ती नुसती वखार हाय, वखार! माल वर मेंदूत तयार होतो."

या वेडाचे मूळ आक्काच्या तहानेत होते. तिशी ओलांडल्यावर तिला अशी तहान लागली की दिवसाला दोन घागरी पाणी पिऊनही जीभ कोरडीच. प्यालेले पाणी अंगात ठरत नसे, लगेच बाहेर पडे. पहिल्या डॉक्टरांनी साखरेचा विकार ठरवून तिचा गूळ बंद केला. तपासणीत साखर निघाली नाही. डॉक्टरांनी निदान मागे घेतले, पण गूळ काही परत दिला नाही. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी सांगितले की मूत्रपिंडांना 'पाणी धरून ठेवा' असा निरोप देणारे हार्मोनच हिच्या मेंदूत तयार होत नाही. जनावरांच्या पिट्युटरीची भुकटी तपकिरीसारखी ओढायची, हा उपाय. ती भुकटी परदेशातून यायची, म्हणजे यायची नाही. त्याच उन्हाळ्यात एक दिवस नळाला पाणी आले नाही, शेजारपाजारच्या घागरीही दुपारपर्यंत संपल्या, आणि संध्याकाळी टँकर येईतो आक्काला मला हाकही मारता येईना. पाण्याचा एक दिवसाचा खाडा माणसाच्या जिवावर बेतू शकतो, हे त्या दिवशी आम्हाला कळले.

तेव्हापासून दाजी फिरकीचा पितळी तांब्या हातात घेतल्याखेरीज आक्काबरोबर कुठे गेले नाहीत. पन्हाळ्याच्या एस.टी.त तो तांब्या मांडीवर, आणि आक्काला उतरायचे झाले की कंडक्टरला घंटी मारायला लावण्याआधी मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंतची सगळी वाट समजावून सांगणे. "आवो मास्तर," कंडक्टर एकदा ओरडला, "ग्रंथी ऱ्हाऊ द्या, आदी बाईस्नी उतरवा!"

जयसिंगपूरच्या एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. नवरी सासरी निघाली, सोबत पाठराखीण म्हणून तिची आत्या. सगळे डोळे पुसत होते. दाजींनी त्या आत्याकडे बोट दाखवून नवरीच्या मामांना सांगितले, "ही बघा, अगदी अशीच. हार्मोन म्हणजे नवरी. मेंदूतून ती एकटी निघत न्हाई. एक वाहक प्रथिन बरोबर असतं, मज्जातंतूच्या वाटेनं तिला पिट्युटरीपर्यंत पोचवतं. आणि माझं म्हणणं, या दोघी वेगवेगळ्या जन्मतच न्हाईत. एकाच लांब साखळीत जन्मतात, आणि वाटेत कापून वेगळ्या होतात."

"मग पाठराखणीचं पुढं काय हुतं?" मामांनी विचारले.

"रक्तात पोचवलं की सुटली ती. पुढं तिचं काय काम, कुणाला ठाऊक न्हाई."

"मास्तर," मामा म्हणाले, "जिलबी घ्या की."

परदेशी भुकटी येईना तेव्हा दाजींनी ती घरी करायचे ठरवले. दर रविवारी सकाळी, सगळे कोल्हापूर मटणाच्या रांगेत उभे असताना, कांदालसणाचाही विटाळ मानणाऱ्या घरातले हे गृहस्थ चिमटा, ॲसिटोनची बरणी आणि मला सोबत घेऊन त्याच रांगेत उभे राहू लागले. दुकानदार भला माणूस. मास्तर बकऱ्याच्या मुंडीतून वाटाण्याएवढे काहीतरी काढून घेतात आणि मुंडी परत करतात, एवढेच त्याला कळले होते. आठदहा मुंड्यांमागे चिमूटभर भुकटी होई. काढलेली ग्रंथी पाणी शोषणाऱ्या ॲसिटोनमध्ये सुकवायची, आक्काच्या वेलदोड्याच्या खलबत्त्यात कुटायची, तपकिरीच्या डबीत भरायची. मग दाजी घरी येऊन मागच्या दारी आंघोळ करत, कारण आक्काला औषध चालत होते, पण ते आणणारा माणूस तसाच घरात चालत नव्हता.

आक्काने पहिली चिमूट ओढली. सात शिंका दिल्या आणि तांब्याभर पाणी प्याली. दुसऱ्या रविवारीही तेच. दोन महिने आक्का शिंकत आणि पीत राहिली. दाजींनी आकृती पुसून पुन्हा काढली, ॲसिटोन बदलले, खलबत्ता बदलला, मला बोल लावले. त्यांचा आवाज बसत चालला होता, आणि उन्हाळा पुन्हा तोंडावर आला होता.

मग एका रविवारी दुकानदार ओशाळून म्हणाला, "मास्तर, आज लाकडं वली हुती. मुंडी नीट भाजली न्हाई. एवढ्या डाव चालवून घ्या."

दाजींच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "भाजली न्हाई म्हंजे?"

"आवो, तुमच्यासाठी दर रविवारी पहाटेपासनं जाळावर धरतोय की! तुम्ही शिकलेली माणसं. केसाळ मुंडी हातात द्यायची म्हंजे शोभतंय व्हय?"

मुंडी काळीभोर आणि तुळतुळीत असते, असेच दाजी दोन महिने समजून चालले होते. बकऱ्याच्या कवटीचा आतला कोपरा न् कोपरा त्यांना पाठ होता; खाटकाच्या दुकानात तिचे तोंड कसे दिसते हे आमच्या अख्ख्या घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हते. नवरी आणि पाठराखीण, दोघींना आम्ही आठवड्यामागून आठवडे शिजवूनच घरी आणत होतो. दाजींनी चिमटा खिशात घातला, दुकानदाराला हात जोडले आणि इथून पुढे मुंडी केसांसकट द्यायची, एवढेच सांगितले.

पुढच्या रविवारपासून मुंड्या केसाळ मिळू लागल्या. नव्या भुकटीची पहिली चिमूट आक्काने एका सोमवारी दिवेलागणीला ओढली. मंगळवारी सकाळी मी गेलो तेव्हा उशाची घागर जशीच्या तशी भरलेली होती. आक्का अजून झोपली होती, आणि दाजी त्या घागरीसमोर मांडी घालून बसले होते, जणू आरती राहिली आहे. मला पाहून एवढेच म्हणाले, "पावणं, नवरी पोचली."

पुढे बऱ्याच वर्षांनी ग्रंथालयात परदेशी नियतकालिक आले. हार्मोन आणि त्याचा वाहक एकाच लांब साखळीतून कापले जातात, हे सिद्ध झाले होते. मी धावत दाजींकडे नेले. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले. "बरोबर हाय," ते म्हणाले, "पण जयसिंगपूरच्या त्या मामाला कळवायला पायजे. त्यानं जिलबी दिली हुती."

त्यानंतर नाकात घालायचे थेंब मिळू लागले आणि डबीचे काम संपले, तरी रविवारी दुकानात जाऊन एक मुंडी उघडून बघायची दाजींची सवय सुटली नाही. गेल्या वर्षी दाजीही गेले. दुकानदार दारापर्यंत आला, आत येईना. म्हणाला, "रविवारी एक मुंडी न भाजता बाजूला ठिवली. मग ध्यानात आलं."

परवा आक्काला पन्हाळ्याला न्यायचे होते. थेंब घातले होते, तहानेचा प्रश्न नव्हता. दारात कुलूप लावताना ती थांबली.

"फिरकीचा तांब्या घे."

"आक्का, आता तुला तहान कुठं लागते?"

"मला न्हाई रे," ती म्हणाली. "पण एस.टी.त शेजारच्याच्या मांडीवर तो नसला, की बसल्यागत वाटत न्हाई."

मी तांब्या भरून घेतला, मांडीवर धरून बसलो, आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला घरी परत आणला.